गव्हाशी मोडलेली सोयरीक

माझं पोट बिघडलं हे गावाला माझ्याआधी कळलं. आमचा संडास अंगणाच्या कोपऱ्यात, अंगण रस्त्याला लागून, आणि समोर ओट्यावर बसणारी सगळी माणसं रिकामी. म्हातारी बादली घेऊन गेली, आली, परत गेली, हे बघण्यापलीकडे त्यांना काम नव्हतं. थोड्याच दिवसांत बायका मला विचारायला लागल्या, "काय वो, आते कसं शे?" मी म्हणायची, "कसानं?" की त्या पदर तोंडाशी धरायच्या. चौकशी करायला लाज नाही, नाव घ्यायला लाज.

मी सत्तरी ओलांडलेली बाई. चौथीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि प्रकाशा या तीर्थाजवळच्या गावात आले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा मुलगा आणि सून माझ्याजवळ राहतात, शेती बघतात. मोठा सुरतेला असतो. शेजारच्या घरात माझी मोठी जाऊ. तिला मी जीजी म्हणते. आम्ही दोघी गेली पन्नास वर्षं भांडतो आहोत आणि दोघींपैकी कोणीही अजून हरलेली नाही.

पोट बिघडलं तसं माझी भाकरी बंद केली. आमच्याकडे माणूस आजारी पडला की आधी त्याची भाकरी काढून घेतात. भाकरी जड, असं सगळे म्हणतात. मग त्याला हलकं म्हणून काय देतात? दुधात भिजवलेली चपाती. रव्याची लापशी. चहात बुडवून टोस्ट. आणि जो भेटायला येईल तो बिस्किटांचा पुडा घेऊन येईल. मोकळ्या हाताने आजाऱ्याला भेटायचं नसतं म्हणून गावातल्या प्रत्येक घराने माझ्या उशाशी पुडा आणून ठेवला. दुकान टाकलं असतं तरी चाललं असतं.

जीजी तर रोज येऊन समोर बसायची. "खाय वो, खाय. बिस्कुट हलकं ऱ्हास."

मी खायची. खाल्लं की बादली घेऊन पळायची. आले की ती परत म्हणायची, "देख, पोटमा काहीच नही तुन्हा. आखो दोन खाय."

असे काही महिने गेले. हलकं खाऊन खाऊन मीच हलकी झाले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. अक्षय तृतीया आली. आखाजी आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या असतात. मडक्यासारखं मातीचं खापर चुलीवर पालथं ठेवायचं आणि पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत एवढी मोठी करायची की ती त्याच्यावर पांघरुणासारखी पडली पाहिजे. या कामाला मला भाऊबंदकीत प्रत्येक घरातून बोलावणं असायचं. त्या वर्षी पहिलीच पोळी हातावर घेतली आणि माझे हातच खाली आले. पोळी चुलीत गेली. सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आई." जीजीने माझ्या जागी बसून पोळी टाकली. ती जाड झाली होती. पण तेव्हा ते बोलायचीही माझ्यात ताकद नव्हती, म्हणजे बघा.

मोठा मुलगा आखाजीला घरी आला होता. त्याने मला पाहिलं आणि गाडीत घालून नंदुरबारला नेलं. तिथल्या डॉक्टरने रक्त काढलं, तोंडातून नळी घातली, आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. नळीबद्दल मी काही सांगणार नाही. ज्याला उत्सुकता असेल त्याने स्वतः घालून घ्यावी.

तपासणीचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरने मला समोर बसवलं. पोरगेलासा होता, पण नीट बोलत होता. म्हणाला, "आजी, लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते. तुमची ती लव झिजली आहे."

"म्हणजे गुरं शिरून चरून गेलेलं शेत," मी म्हटलं.

"तसंच. आणि गुरं म्हणजे गहू."

मी म्हटलं, "सत्तर वर्षं गहू खाल्ला. आता याला आठवण आली का?"

"कधी कधी म्हातारपणी कळतं. याच्यावर गोळी नाही. गहू सोडणं हेच औषध. चपाती नाही, रवा नाही, मैदा नाही, बिस्किट नाही, टोस्ट नाही. थोडासुद्धा नाही. जन्मभर."

"जन्मभर म्हणजे फार दिवस नाहीत," मी म्हटलं. "मग खाऊ काय?"

"ज्वारी खा, बाजरी खा, भात खा. भाकरी खा."

हे ऐकून मी अशी हसायला लागले की मुलाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. गावभर सगळ्यांनी मिळून माझी भाकरी काढून घेतली होती आणि रोज प्रेमाने विष आणून भरवत होते. उरलेले पुडे घरी गेल्यावर म्हशीला घातले. तिला काही झालं नाही. दूध मात्र दोन दिवस गोड लागलं, असं सून म्हणाली. मला तरी तसं वाटलं नाही.

जाताना मोठ्या मुलाने फर्मान काढलं. "माय, दिवाळीले मी ईसू. तवलग तू आशीच ऱ्हायनी तर तुले उचलीसन सुरतले ली जासू. आठे तुले कोन देखी?"

त्याची सुरतेची जागा सातव्या मजल्यावर आहे. मी एकदा गेले होते. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं मुंग्यांएवढी. मुंग्यांशी काय भांडायचं? शेजारच्या दारावर पाटी असते आणि दार बंद असतं. मला गावाचं प्रेम वगैरे काही नाही. आमचं गाव घाण आहे, गटारीला उतार नाही, लोक चहाडखोर. पण सकाळी उठून ज्यांना चार शब्द सुनवायचे ती माणसं इथे आहेत. सातव्या मजल्यावर मी पोटाने नाही तर गप्प बसून मेले असते. म्हणून ठरवलं, दिवाळीपर्यंत अंगाला मांस लागलं पाहिजे.

डॉक्टरने सांगितलं होतं, "पीठ वेगळं दळा." मी वेगळंच दळायला लागले. ज्वारीचा डबा वेगळा, झाकण वेगळं, डब्याला लाल चिंधी बांधलेली. माझा तवा वेगळा, परात वेगळी. सुनेने चपात्या केल्या त्या पोळपाटाला मी बोटही लावायची नाही. वांग्याची भाजी, उडदाची डाळ, ठेचा, भाकरी. हेच मी लहानपणी खात होते आणि तेव्हा आमच्याकडे पाहुणा आला तरच गहू निघायचा. आता गहू रोजचा झाला आणि भाकरी खाणाऱ्याकडे लोक दयेने बघायला लागले. जीजी शेजारच्या बाईला सांगताना मी ऐकलं, "बिचारीले म्हातारपनमा भाकरी खावानी येळ उनी." जणू घर बुडालं होतं.

पण पोट थांबेना. थोडं कमी झालं, परत वाढलं. फुगायचं, दुखायचं, बादली सुटेना. आषाढ आला तरी बांगड्या होत्या तिथेच.

मग घरात संशय सुरू झाला. म्हातारी चोरून खाते. सून बोलली नाही, पण चपात्यांचा डबा वरच्या फळीवर गेला. मी स्वयंपाकघरात गेले की मागोमाग तीही यायची, काहीतरी शोधल्यासारखं करत. एकदा मी भिंतीकडे तोंड करून गूळ खात होते, तर तिने मागून येऊन हात धरला.

"आई, खरं सांगा. चोरीसन काई खादं का?"

"चोरीसन खावाले मी मांजर शे का? गूळ शे, हाई देख." मी मूठ उघडून दाखवली. ती ओशाळली. पण वास मात्र घेऊनच गेली.

जीजीने तर सरळ सुरतेला फोन लावला आणि मोठ्याला सांगितलं, तुझी माय पथ्य पाळत नाही. त्याचा फोन मला आला. मी म्हटलं, "पाळते." तो म्हणाला, "मग उतार का नाही?" उत्तर नसलं की मला फार राग येतो. मी फोन ठेवून दिला.

श्रावण लागला आणि कानबाई आली. ही आमच्या खान्देशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला सजवून तिची स्थापना करायची, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, त्या पिठाचे रोट करायचे आणि भाऊबंदकीनेच ते खायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. हे दळण पवित्र, म्हणून चक्कीवाला आदल्या दिवशी आख्खी चक्की उघडून धुतो, पुसतो, मगच कानबाईचे गहू घेतो. वर्षातून तेवढंच एकदा ती चक्की पाणी बघते.

शनिवारी माझ्या डब्यात पीठ संपलं होतं. रविवारी सगळे रोट खाणार, मी काय खाणार? ज्वारी घेऊन सकाळीच चक्कीवर गेले. चक्कीवाला तेव्हा दगडाच्या फटी ब्रशने घासत होता. त्याने माझा डबा बघूनच हात जोडले.

"आजी, आज जवारी नही. आज कानबाईना गहू."

"कुंकू लायं का चक्कीले?"

"अजून नही."

"मंग अजून ते नुसतं लोखंड शे. टाक मन्ही जवारी."

"बायका बोलतीन माले."

"बायका आजून झोपेल शेतस. मी बोली ऱ्हायनू, ते आयकू येत नही का?" मी उंबऱ्यावरच बसले. मी उठल्याशिवाय दुसरं कोणी आत जाऊ शकत नाही एवढा तो उंबरा अरुंद आहे. त्याने माझी ज्वारी दळली, परत फडकं मारलं, कुंकू लावलं. मी निघाले तेव्हा समोरून जीजी गव्हाचं ताट घेऊन येत होती. तिने माझ्या डब्याची लाल चिंधी पाहिली आणि तिचे डोळे तिच्या ताटाएवढे झाले.

रविवारी रोट झाले. सगळी भाऊबंदकी आमच्या घरात जमली. जीजीने माझ्या ताटात रोट ठेवला. मी तो उचलून तिच्या ताटात ठेवला.

"जीजी, माले चालत नही."

जीजी म्हणाली, "देवीना रोट शे वो! रोटले नही म्हनतस का? कानबाई कोपी तुन्हावर."

माझा धाकटा मान खाली घालून बसला. एक चुलत दीर म्हणाला, "वहिनी, नखाएवढा खा. देवीच्या प्रसादाने काही होत नाही." तो शहाद्याला नोकरीला होता, त्याचं बोलणं शहरी.

मी म्हटलं, "भाऊजी, काल गहू काढले ते कोणाच्या नावाने?"

"घरातल्या पुरुषांच्या."

"माझ्या नावाची मूठ होती?"

"बायकांच्या नावाची नसते."

"मी या घरात पन्नास वर्षं झाली. एकदा तरी होती?"

"नव्हती."

"मग ज्यांच्या नावाची मूठ त्यांनी खावं. माझ्या नावाने देवीने एक दाणा मागितला नाही, आणि मी खाल्लं नाही म्हणून ती रागावेल? हिशोब आहे का काही?"

माझी सून खाली बघून हसत होती. पदरामागून दिसत होतं. दिरांनी डोकं खाजवलं आणि आपला रोट मुकाट खाल्ला. जीजी म्हणाली, "हाई ते इतली बोलस. इले रोग कसाना?" पण माझ्या ताटात भाकरी तिनेच वाढली. मी भाकरी खाल्ली आणि देवीसमोर नमस्कार केला. तिचा चेहरा होता तसाच होता.

मग सगळे वाट बघायला लागले, आता म्हातारी पडणार. जीजी रोज सकाळी दारात. मी पडले नाही. उलट पोट शांत झालं. फुगणं बंद. बादली दोरीला टांगलेली राहिली. रात्री मी उठलेच नाही तर सुनेने येऊन नाकाशी हात धरून पाहिला, की आहे का गेली.

गावात बातमी पसरली की कानबाई मला पावली. जीजीची फार पंचाईत झाली. देवी कोपणार असं ती सांगून बसली होती, आणि देवी पावली म्हणावं तर रोट नाकारणारीला कशी पावली? शेवटी तिने असं ठरवलं की देवीने माझ्या नाही, तिच्या नवसाने मला बरं केलं. मी म्हटलं, "बरं. तुझ्या."

पण मग त्या डब्यातलं पीठ संपलं. नवीन दळण आणलं, तसाच डबा, तीच चिंधी, तीच ज्वारी. दुसऱ्याच दिवशी बादली हातात. आता देवीला काय झालं? मी ओट्यावर बसून विचार केला. विचार करायला मला वेळ लागतो, पण एकदा बसले की उठत नाही. ज्वारी तीच. तवा तोच. मी तीच. बदललं एवढंच, की मागच्या वेळी चक्की धुतलेली होती.

डॉक्टरला फोन लावून घेतला. म्हटलं, "डॉक्टर, वेगळं दळते मी. डबा वेगळा आहे."

"आणि चक्की?"

"चक्की गावात एकच आहे."

तो म्हणाला, "आजी, तिच्यात आधी गहू दळलेला असतो. तो दगडात राहतो. तुमच्या ज्वारीत रोज मूठभर गहू येत होता. वेगळं दळा म्हणजे मी तेच सांगत होतो."

"तर मग चक्की वेगळी, असं म्हणायचं होतं ना," मी म्हटलं. "मी डब्याला चिंध्या बांधत बसले."

तो हसला. मला हसायला वेळ नव्हता, मी चक्कीवर गेले.

चक्कीवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, चक्की धोवाले माले अर्धा दिन लागस. तुन्हासाठे मी दर आठवडाले कानबाई बसाडू का?"

"बसाड. तुन्ही चक्की तरी साफ ऱ्हाई."

त्यावर बरंच बोलणं झालं. मी त्याच्या चक्कीत काय काय मेलेलं असेल ते मोठ्याने सांगायला लागले, तेव्हा दारात दळण घेऊन उभ्या असलेल्या दोन बायका आपापल्या डब्यात वाकून बघायला लागल्या. मग तो लगेच तयार झाला. असं ठरलं की सोमवारी सकाळी चक्की उघडायच्या आधी तो दगड उघडून घासेल, पहिली पायलीभर ज्वारी म्हशीच्या नावाने जाईल, म्हणजे उरलासुरला गहू तीच घेऊन जाईल, आणि त्याच्या मागून माझी. घासायला मी स्वतः उभी राहायची. त्याला ब्रश नीट धरता यायचा नाही. पोळ्यापर्यंत तो शिकला.

पुढे गंमत झाली. बायका सोमवारी सकाळी रांग लावायला लागल्या. "आजीनी पाळीमा दया" म्हणून, म्हणजे आजीच्या पाळीत दळून द्या. धुतलेल्या चक्कीचं पीठ चांगलं असतं हे त्यांना आधी सुचलं नव्हतं. एक जण गहू घेऊन मध्ये घुसली, तिला मी बाहेर काढली. ती म्हणाली, "चक्की तुन्ही शे का?" मी म्हटलं, "सोमवारी मन्हीच शे."

दसऱ्यापर्यंत माझ्या बांगड्या मनगटावर उतरल्या. एक तर काढताना अडकली, तेल लावावं लागलं. मला त्याचा आनंद झाला असं सून सांगते.

दिवाळीला मोठा गाडी घेऊन आला. गाडीची मागची सीट रिकामी ठेवलेली, माझी पिशवी ठेवायला. आणि हातात खोका. सुरतेची नानखटाई.

मी म्हटलं, "ही मला आणली?"

त्याने जीभ चावली. सुनेने खोका उचलून आत नेला आणि पुन्हा दिसला नाही.

मी तेव्हा अंगण सारवत होते. त्याने मला वाकलेलं पाहिलं, उठलेलं पाहिलं, मग परत वाकलेलं पाहिलं. गाडीला टेकून तो म्हणाला, "माय, सुरतमा मी तुले घरघंटी ली देसू. घरमाच चक्की. नुसती तुन्ही जवारी. कोनी हात लावाव नही."

हे मला अवघड गेलं, खोटं बोलत नाही. खोडायला त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. मुलगा चांगला आहे. चक्कीपण चांगली असणार. मी सारवलेल्या हाताने कपाळ पुसलं, शेण लागलं.

"घरघंटी घे," मी म्हटलं. "इथे पाठव. सुनेलाही बरं पडेल."

"आनि तू?"

"मी कशाला येऊ? मला आता बरं आहे. बरं नसतं तर आले असते, तक्रार करत आले असते, पण आले असते. बऱ्या माणसाला सातव्या मजल्यावर काय काम?"

तो काही बोलायच्या आत पलीकडच्या अंगणातून जीजीचा आवाज आला. माझं सारवण तिच्या हद्दीत आलं होतं म्हणे. मी म्हटलं, "हद्द तुझ्या बापाने आखली का?" ती म्हणाली, "मन्हा सासराने आखेल शे!" मी म्हटलं, "तो माझाही सासरा होता." आणि मग आमचं चांगलंच जुंपलं. ओट्यावरची माणसं पुढे सरकून बसली.

मुलगा आम्हा दोघींकडे बघत राहिला. मग त्याने गाडीचं मागचं दार उघडलं, माझ्यासाठी ठेवलेल्या सीटवर त्याच्या बायकोने मागितलेल्या मिरच्यांचं पोतं ठेवलं, आणि दार लावून घेतलं.